जयवंताची पाडव्याची ओवाळणी

पाचपावलीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात आईला काही भेट द्यायची म्हणजे छातीचंच काम होतं. हातात वस्तू पडली की जयवंता आधी ती उलटीपालटी करायची, मग देणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायची आणि मग शांतपणे विचारायची, "काय काम हाय?"

मुलगा शरद दहा वर्षांचा असताना त्यानं दिवाळीला शाळेतून कागदाचं फूल करून आणलं. तिनं फूल हातात घेतलं आणि म्हणाली, "काय फोडलं?" कंदिलाची काच फुटली होती, हे खरंच होतं. धाकट्या शामलानं एका संक्रांतीला डोक्याच्या पिना आणल्या. "गणितात किती पडले?" पिना हातात तशाच राहिल्या आणि पोरगी रडायला लागली, कारण गणितात सतरा पडले होते. असं दरवेळी तिचंच खरं निघायचं, आणि त्यामुळे तिचा संशय दरवर्षी थोडा वाढायचा.

मुळात ती अशी नव्हती. तिचं माहेर कुहीकडचं. बापाची धानाची शेती, चांगल्या बांध्या होत्या आणि घरात जयवंता आणि तिचा धाकटा भाऊ मारोतराव अशी दोनच लेकरं. लग्नानंतर अकरा वर्षं मारोतराव भाऊबीजेला यायचा, एक खण आणि नारळ ताटात टाकायचा आणि जेवून परत जायचा. सहासष्ट साली, बाप गेल्यावरच्या दिवाळीत, तो आला तो मोतिया रंगाची रेशमी साडी घेऊन. जयवंता इतकी हरखली की शेजारच्या चार बायांना तिनं साडीची घडी मोडून दाखवली. पंधरा दिवसांनी मारोतराव पुन्हा आला. "बाई, जराक उमरेडच्या कचेरीत चाल, बाबाच्या नावाचं एक काम हाय." ती तीच साडी नेसून गेली. चौथी शिकलेली होती, सही येत होती. जिथं बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. आपण बांध्यांवरचा आपला हक्क सोडून आलो, हे तिला पुढच्या पोळ्याला गावात गेल्यावर चुलतभावजयीच्या तोंडून कळलं.

तिनं भांडण केलं नाही. साडी पेटीच्या तळाशी गेली आणि भावाकडे जाणं बंद झालं. पण त्या दिवसापासून कुणी प्रेमानं काही पुढे केलं की ती आधी त्यामागचं काम शोधायची.

नवरा महादेवराव मात्र या बाबतीत तिला बरा वाटायचा, कारण तो कधी काही आणायचाच नाही. कन्हानच्या घाटावरून रेती वाहणारा ट्रक तो चालवायचा. सकाळी सातला जायचा आणि दिवेलागणीला यायचा. अंगाला डिझेलचा वास आणि खिशात बारीक रेती. पाडव्याला जयवंता त्याला ओवाळायची, तो ताटात पाच रुपये टाकायचा आणि म्हणायचा, "तुले पाहिजे ते घेजो." त्यात शंका घ्यायला काही जागाच नव्हती.

म्हणूनच एकोणऐंशी सालची दिवाळी तिला सुरुवातीपासून खटकली.

खरं तर पोळा झाल्यापासूनच घरात काहीतरी वेगळं चाललं होतं. पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती कपडे धुताना. महादेवरावच्या शर्टाला डिझेलचा वास येईना. खिसे उलटे केले तर रेती नाही. एकदा कडूलिंबाची दोन वाळकी पानं निघाली, बस. इतकी वर्षं ज्या शर्टांवर साबणाची अर्धी वडी झिजायची ते शर्ट आता मास्तराच्या शर्टासारखे घरी येत होते. मग हा माणूस दिवसभर असतो कुठं? आणि बसतो कुणाकडे?

दुसरी गोष्ट याहून वाईट होती. नवरा तिच्याकडे पाहीना. ती बोलायला लागली की तो तिच्या खांद्यापलीकडे कुठंतरी पाहायचा. चहाचा कप पुढे केला तर कपाकडे न पाहता हात लांब करायचा, आणि एकदा तर सगळा चहा सतरंजीवर सांडला. "ध्यान कुठी हाय तुमचं?" तिनं विचारलं. "थकलो वं," एवढंच तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. सायकल अंगणात धूळ खात पडली होती. "पंक्चर हाय," म्हणून सांगितलं. तिनं जाऊन चाक दाबून पाहिलं. चाक टणक होतं.

पोरांचंही काही ठीक नव्हतं. शरद आता एकोणीस वर्षांचा होता, छापखान्यात कामाला लागला होता. तो सकाळी बापाबरोबर चौकापर्यंत जायला लागला, जे त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं. बापलेक दारात बोलत असले आणि ती बाहेर आली की दोघंही गप्प. मागच्या गल्लीत बालवाडी चालवणाऱ्या कुसुमताई एका दुपारी विनाकारण येऊन बसल्या आणि विचारू लागल्या, "जयवंताबाई, तुम्ही किती शिकलात हो? गाणीबिणी येतात का तुम्हाला? लहान पोरांचा कंटाळा तर नाही येत?"

"काहून?" जयवंता म्हणाली.

"सहज हो," कुसुमताई म्हणाल्या आणि शामलाकडे पाहून हसल्या.

सहज कुणी काही विचारत नसतं, हे जयवंताला उमरेडच्या कचेरीतल्या त्या सहीनं शिकवलं होतं.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शरदनं कागदात गुंडाळलेला एक जोड तिच्यापुढे ठेवला. जाड तळाच्या चामड्याच्या चपला. "माय, घालून पाय. चालाले बऱ्या हायेत."

"मले कुठी चालाचं हाय?"

शरद कागदाची घडी करू लागला. तेवढ्यात शामलानं मागून एक पिशवी पुढे केली. शाळेच्या शिवणाच्या तासाला तिनं निळ्या कापडाची, खांद्याला लावायची पिशवी शिवली होती. आत दोन कप्पे, वर बटन. शिलाई चांगली सरळ होती. जयवंतानं तिथल्या तिथं बटन दोनदा लावून काढून पाहिलं, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "औंदा कशात नापास?"

"कशातच नाही, माय. खरंच."

ते जास्तच भीतीदायक होतं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. तिनं पाट मांडला, महादेवराव बसला. तिनं ओवाळलं. त्यानं खिशातून काहीतरी काढलं आणि ताटात टाकायला हात पुढे केला, पण ती वस्तू ताटात न पडता बाजूला फरशीवर खणकन आपटली. हाताचं घड्याळ होतं. लाल नवा पट्टा, बायांच्या हाताला बसेल एवढा आखूड केलेला.

"तुझ्यासाठी आणलं," तो म्हणाला. पाहत होता दिव्याकडे.

जयवंतानं घड्याळ उचललं. चारच्या आकड्यापाशी काचेचा टवका उडालेला. हा टवका तिच्या ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी ट्रकचा जॅक लागून उडाला होता. नवऱ्याचं स्वतःचं जुनं घड्याळ नवा पट्टा लावून आपल्याला दिलं जातं, आणि तेही आणलं म्हणून! मी इतकी आंधळी वाटते का याला? आणि याच्या हातातलं घड्याळ गेलं तर याच्यासाठी नवं कोण घेणार आहे?

तिनं घड्याळ ताटात ठेवलं. पोरांपुढे सणाच्या दिवशी बोलायचं नव्हतं. पण दुपारी भांडी घासताना तिनं तिन्ही वस्तू मनात एकापुढे एक मांडल्या. चपला, पिशवी, घड्याळ. घरात बसणाऱ्या बाईला द्यायच्या या वस्तू नव्हत्या. घराबाहेर जाणाऱ्या माणसाला लागतात त्या वस्तू होत्या. तिला घालवायचं ठरलं होतं. पोरांना चपला-पिशवी द्यायला राजी केलं होतं. कुठं घालवणार? कुहीला, भावाच्या दारात? आणि तिच्या जागी या घरात कोण येणार? कन्हानच्या घाटावर चहा-पोहे विकणाऱ्या बायांची नावं तिनं कधीमधी ऐकली होती. एक भागीरथा म्हणून होती, नवरा टाकून आलेली. महादेवराव एकदा म्हणाला होता, तिच्या हातचा झुणका चांगला असतो.

चार दिवस तिनं काढले. कुणाशी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी महादेवराव आणि शरद घरातून निघाले, शामला मैत्रिणीकडे गेली. जयवंतानं चूल पोतारली, दाराला कडी लावली, नव्या चपला पायात घातल्या, खांद्याला पिशवी अडकवली, हातात घड्याळ बांधलं आणि कन्हानच्या बसमध्ये जाऊन बसली. दिलंच आहे तर वापरावं, असं तिनं ठरवलं.

कामठी गेली, पूल आला. खाली नदी पात्राच्या एका कडेला गेली होती आणि रेतीत ट्रक उभे होते. जयवंता आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या कामाच्या जागी येत होती. उतरल्यावर तिनं रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर विचारलं, "महादेवराव ड्रायव्हरचा ट्रक कोणता व्हय?"

टपरीवर एक म्हातारी बाई बसली होती, दात पडलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. ती म्हणाली, "महादेवराव? ते त पोळ्यापासून गाडीवर नाही चढले, बाई."

जयवंता एक पाऊल पुढे आली. "मंग रोज कुठी जातेत?"

"इथीच त असतेत. तिकडं, ट्रकच्या अड्ड्याच्या मागं, लिंबाखाली." म्हातारीनं हात केला. "तुमी कोण म्हणाव?"

"भागीरथा कुठी राहते?" जयवंतानं उलट विचारलं.

"मीच भागीरथा," म्हातारी म्हणाली. "काहून?"

जयवंता तिच्या बोळक्या तोंडाकडे पाहत राहिली. मग अड्ड्याच्या मागे निघाली. तिथं मोठा लिंब होता आणि लिंबाखाली ट्रकवर टाकायच्या ताडपत्रीचा ढीग. महादेवराव त्या ढिगात मांडी घालून बसला होता. हातात दाभण आणि सुतळी. फाटलेली कड तो बोटांनी चाचपत होता, बोट ठेवून दाभण खुपसत होता, सुतळी ओढत होता. मान वर, लिंबाच्या फांद्यांकडे. एकदाही हाताकडे पाहत नव्हता.

ती दहा पावलांवर येऊन उभी राहिली. बसमध्ये तिनं पहिलं वाक्य तयार करून ठेवलं होतं आणि ते चांगलं धारदार होतं. चपलांचा आवाज ऐकून महादेवरावनं तोंड फिरवलं आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. ऊन तिच्या तोंडावर होतं, मध्ये झाड नव्हतं, माणूस नव्हतं. चोवीस पावसाळे एका छपराखाली काढलेल्या बायकोकडे तो पाहत होता.

"कोण हाय?" तो म्हणाला. "गणपतराव मालकले भेटाचं असन त समोर ऑफिसात जा, बाई."

ते धारदार वाक्य कुठं गेलं ते तिलाच कळलं नाही. सांडलेला चहा, टणक चाकाची सायकल, फरशीवर आपटलेलं घड्याळ, खांद्यापलीकडची नजर, सगळं एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढून गेलं. हा माणूस नजर चुकवत नव्हता. त्याला नजर सापडत नव्हती.

"मी व्हय," ती म्हणाली. "शरदची माय."

दाभण त्याच्या हातातच थांबलं. जयवंता पुढे गेली आणि ताडपत्रीवर त्याच्या शेजारी बसली.

"कवापासून?"

"डावा त उन्हाळ्यातच गेला," तो हळू म्हणाला. "उजव्यानं माणूस उभा हाय एवढं समजते, चेहरा नाही समजत. काचबिंदू म्हणते डॉक्टर. गेलं ते येत नाही. औषध टाकत राहिलो त राहिलं तेवढं टिकन. पोळ्याच्या आदल्या दिवशी एक बैल समोर आला, मले दिसलाच नाही. क्लीनर ओरडला म्हणून वाचला. मंग मीच चाबी मालकाच्या हातात देल्ली. मालक चांगला हाय, हे शिवाचं काम देल्लं."

"शरदले माहीत हाय?"

"त्यालेच घेऊन गेलो होतो दवाखान्यात. चौकापर्यंत तोच आणून सोडते, मंग आपल्याच अड्ड्याची गाडी भेटते."

"म्हणजे सगळ्याइले माहीत. मलेच नाही." तिचा आवाज चढला. "मी कोण व्हय या घरात? काहून नाही सांगतलं?"

महादेवरावनं दाभण सुतळीत खोचून बाजूला ठेवलं. "कसं सांगू वं? तुले काही सांगाले गेलो का तू अगुदर तोंडाकडं पाहतं, का याले आता काय पाहिजे. अन् मले पाहिजेच होतं. माझ्यानं आता घर चालत नाही, तू बाहेर निघ, हे मले सांगाचं होतं. कुसुमताईले मदतीले बाई पाहिजे होती. शरद म्हणे आपण मायचं नाव देऊ. नाव देल्लं, पण तुले विचाराची कोणाची हिंमत होईना. मंग शामला म्हणे, पयले दिवाळीत काही देऊ, मंग बोलू."

"अन् घड्याळ?"

"मले काय काम त्याचं? काटे दिसत नाही. बालवाडी अकराले भरते म्हणे. तुले लागन." त्यानं सुतळी बोटाला गुंडाळली. "पट्टा मात्र नवाच हाय."

जयवंताला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले, आणि या दोन्हींपैकी एकही त्याला दिसत नव्हतं म्हणून तिनं दोन्ही होऊ दिलं. तिचा संशय खोटा नव्हता. त्या भेटींच्या पाठीमागे खरंच काहीतरी मागणं होतं. फक्त मागणारा चोर नव्हता, घाबरलेला होता. आणि तो घाबरला होता तिलाच. हे मात्र तिच्या एवढ्या वर्षांच्या हिशेबात कधी आलं नव्हतं.

ती संध्याकाळपर्यंत तिथंच थांबली. भागीरथाकडून झुणका-भाकर आणली, दोघांनी लिंबाखाली खाल्ली. झुणका खरंच चांगला होता. मग तिनं नवऱ्याचा हात धरून त्याला बसमध्ये चढवलं आणि घरी आणलं.

घरी पोरं दारातच उभी होती. आईला घरात न पाहून शामला रडकुंडीला आली होती. बापाचा हात आईच्या हातात पाहिल्यावर दोघांनाही काय झालं ते समजलं.

"बसा," जयवंता म्हणाली. दोघं बसले. "कुसुमताईकडं कवापासून जाचं हाय?"

"सोमवारपासून," शरद खाली पाहून म्हणाला. "माय, आमी तुले..."

"आयक. मी जाईन. आंधळं झालेल्या माणसाले घरी बसवून पोटाले घालाची ताकद हाय माझ्यात, ते मले शिकवू नका. पण एक ध्यानात ठेवा. मागाचं असन त तोंडानं मागा. देऊन मागू नका. माझ्या भावानं मले देऊनच मागतलं होतं."

शामलानं पिशवीकडे पाहून विचारलं, "मंग पिशवी परत करू का, माय?"

"खबरदार," जयवंता म्हणाली. "शिलाई सरळ हाय तिची."

सोमवारी ती बालवाडीत गेली. पहिल्या दिवशी सदतीस पोरं होती आणि त्यांतली चौदा रडत होती. सुरुवातीला ती पोरांवरही संशय घ्यायची. कुणी गोळी पुढे केली की "काहून?" म्हणून विचारायची. हळूहळू तिला कळलं की चार वर्षांचं पोर उष्टी गोळी देतं ते काही मागायला नाही, त्याला ती नको असते म्हणून. हे तिला फार आवडलं. तीन वर्षांत ती तिथली मुख्य बाई झाली. कुसुमताई म्हणायच्या, कोणत्या पोरानं कुणाची पाटी लपवली हे जयवंताबाई दारातून आत येतानाच ओळखतात.

महादेवरावच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा औषध टाकायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. उजवा डोळा तेवढाच राहिला. सुधारला नाही, फार गेलाही नाही. अड्ड्यावर तो जात राहिला. शरदचं लग्न झालं, शामला मॅट्रिक झाली, आणि खरंच कशात नापास झाली नाही. मारोतरावची भाऊबीज मात्र पुन्हा आली नाही, आणि जयवंतानंही वाट पाहिली नाही.

ब्याऐंशीच्या दिवाळीआधी एका रविवारी महादेवराव म्हणाला, "शरदची माय, औंदा तुले काय पाहिजे?"

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. तिनं सवयीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय काम हाय?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "खरंच काहीच नाही. पाहिजे ते सांग, आपण दोघं जाऊन आणू."

तिनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. कुठं काही लपलेलं सापडेना. "थंडीत बालवाडीत लय गार लागते," ती शेवटी म्हणाली. "शाल पाहिजे."

दोघं सीताबर्डीला गेले. दुकानदारानं दहा शाली पसरल्या. जयवंताला एक जांभळी आवडली. महादेवरावनं तिचं टोक अंगठा आणि बोटात चोळून पाहिलं आणि म्हणाला, "हे शुद्ध लोकर नाही भाऊ, मिलावट हाय. खालची दाखवा." दुकानदार वरमला आणि त्यानं खालची काढली. तीही जांभळीच निघाली. किंमत ठरवायला महादेवरावला पंधरा मिनिटं लागली आणि त्या पंधरा मिनिटांत तो पुन्हा ट्रकच्या खिडकीतून ओरडणारा जुना ड्रायव्हर झाला होता.

शाल अंगावर घेऊनच ती दुकानाबाहेर पडली. रस्त्यावर दिवाळीची गर्दी उसळली होती. सायकलरिक्षा, फटाक्यांची दुकानं, आकाशकंदील. तिनं पुढे व्हायचं आणि त्यानं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवून चालायचं, अशी त्यांची आता सवय होती, पण ती पाचपावलीच्या गल्लीतली. इथं भर बाजारात, पन्नाशीच्या बाईच्या खांद्यावर हात टाकून चाललेला पुरुष पाहून लोक वळून वळून पाहू लागले. दोन कॉलेजच्या पोरी तर तोंडावर रुमाल धरून हसल्या.

जयवंता संकोचली. खांदा थोडा आवळून हळूच म्हणाली, "अवो, लोक पाहून राहिले."

महादेवरावनं हात काढला नाही. उलट शाल नीट बसावी म्हणून थोडा दाबूनच ठेवला.

"पाहू दे ना," तो म्हणाला. "मले थोडीच दिसून राहिले."